कोंड्यावर वाढवलेल्या बुरशीची उष्णता आटोक्यात कशी ठेवायची

खोलीतला तापमापक ३० अंश दाखवतो म्हणून ट्रेमधला कोंडाही ३० अंशांवर असेल, असं धरून चालू नका. थर्मोकपलचं (तारेसारख्या तापमापकाचं) टोक थराच्या मधोमध खुपसा आणि नोंद तिथलीच ठेवा. ॲस्परजिलस नायजर किंवा ओरायझी ही बुरशी गव्हाच्या कोंड्यावर पेरल्यावर बीजाणू (बुरशीचं बी) रुजेपर्यंत ऊबच लागते. साधारण १६ ते ३६ तासांत वाढ जोर धरते, बुरशी स्वतःच उष्णता सोडते, आणि लक्ष नसेल तर मधलं तापमान ४५ अंशांपर्यंत चढतं. तिथे वाढ खुंटते, ज्यासाठी ही बुरशी वाढवायची त्या एन्झाइमचं (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं) उत्पादन पडतं.

ट्रेमध्ये थर ३-४ सेंटीमीटरच ठेवा. कोंड्यातून उष्णता फार हळू बाहेर पडते. जाड थर बाहेरून कितीही गार करा, मधला भाग तापलेलाच राहतो. ओलावा ५५ ते ६० टक्के. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. गिच्च कोंड्यात हवा शिरत नाही.

थर जाडच हवा असेल तर खालून ब्लोअरने हवा सोडावी लागते. इथे खरं काम वाफ करते. बुरशीने १ ग्रॅम ग्लुकोज (साखर) वाढताना पूर्ण जाळलं की सुमारे १५.६ किलोजूल उष्णता निघते, तेवढ्यात जवळपास ६ ग्रॅम पाणी उडू शकतं. म्हणजे थंडाव्याची किंमत कोंडा ओलाव्यात मोजतो. म्हणून हवा आधी पाण्यातून किंवा फवाऱ्यातून नेऊन पुरती दमट करा. तरीही वर जाताना ती तापते आणि आणखी पाणी ओढते, त्यामुळे वरचा थर नेहमीच जास्त गरम. तापमापक तिथेही हवा.

सगळ्यात फसवी गोष्ट भिंतीपाशी घडते. बुरशीच्या तंतूंनी कोंडा बांधला की त्याची घट्ट वडी होते, ती आक्रसते आणि भांड्याच्या कडेपासून सुटते. मग सगळी हवा त्या फटीतून निसटते. ब्लोअर जोरात चालू, तरी मधला भाग तापतच जातो. वडी घट्ट व्हायच्या आतच, मधलं तापमान ३५ च्या पुढे सरकू लागताच, थर हलक्या हाताने मोकळा करा. कोरडेपणा जाणवला तर त्याच वेळी निर्जंतुक पाणी फवारा, ओतू नका. रायझोपस ही बुरशी असेल तर ढवळणं शक्य तितकं टाळा: तिच्या तंतूंना आडपडदे (आतले कप्पे पाडणाऱ्या आडव्या भिंती) जवळजवळ नसतात, एक तुटला की बराच भाग वाया जातो.

तापमान आपोआप उतरू लागलं की हवा कमी करा, नाहीतर उरलेल्या तासांत कोंडा नाहक वाळतो.