मासळीला आधी बर्फ, मग ताकाची निवळी

ऑक्टोबरचं ऊन सुरू झालंय. बांगडा, तारली जाळ्यात भरभरून येते आणि डेकवर तशीच तापत पडते. नाखवे हो, माल बिघडतो तो इथेच, कोल्ड स्टोरेजमध्ये नव्हे.

बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा तापला की जिवाणू त्याचं हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य, करतात. एकदा ते झालं की नंतर बर्फात पुरा, गोठवा, तळा, ते जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं.

म्हणून कल्चरची, म्हणजे आंबवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाची, महागडी पुडी दाखवून ‘आता बर्फ निम्मा पुरेल’ असं कुणी म्हणालं तर पैसे खिशात ठेवा. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू कामाचे आहेत हे खरं. आम्लाने सामू (pH) उतरतो, काही जाती सडवणाऱ्या जिवाणूंना मारणारी द्रव्यंही सोडतात. पण त्यांना साखर लागते, ती माशात नावापुरतीच. त्यात बर्फाच्या थंडीत ते सुस्तावतात.

त्यापेक्षा आयतं आम्ल बरं. घरच्या आंबट ताकाची निवळी गाळून बर्फात गार करा, साफ केलेला ताजा मासा तीत दहाएक मिनिटं बुडवा, निथळून लगेच बर्फात. वास उशिरा धरतो असं मला वाटतं, पण ही शिफारस नव्हे, माझा अंदाज. तळ्यातल्या रोहू-कटल्यावर करून बघा. तापलेल्या बांगड्यावर मुळीच नको: हिस्टामिनला वास नसतो, आणि आंबट वासाखाली उरलीसुरली खूणही झाकते.

बाकी नेहमीचं:
- बर्फ मासळीच्या वजनाइतका, चुरून. तळाला, मधे, वर
- तापमान 0 ते 4 अंश
- क्रेटला निचऱ्याची भोकं
- वापरलेला बर्फ परत नाही
- मोठ्या माशाचे कल्ले-आतडी काढून धुणे
- निवळीतला मासा हवाबंद पिशवीत नको. बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूचे काही प्रकार 4 अंशांखालीही वाढतात

पुन्हा सांगतो, जाळं वर आलं की आधी बर्फ. निवड, मोजणी, फोनवर भाव विचारणं, सगळं नंतर.

साफसफाईत निघालेली डोकी-आतडी मात्र खुशाल आंबवा. बारीक कुटून वजनाच्या दहा टक्के काकवी आणि थोडं आंबट दही मिसळा, झाकून सावलीत ठेवा, रोज ढवळा. सामू 4.5 च्या खाली उतरून तिथेच टिकला तर कोंबड्यांच्या, माशांच्या खाद्यात मिसळता येतं. सडका वास आला तर फेकून द्या. पिंप प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडाला आम्ल खातं.