पिकअपचे टायर बदलताना आधी आकडे वाचा

दुकानदार ‘हाच बसतो’ म्हणाला तरी गाडीच्या दारापाशी चिकटवलेला तक्ता किंवा पुस्तिका बघा. माप जुळलं म्हणजे काम झालं, असं नाही. पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्या जाणार असतील तर खरा प्रश्न वजनाचा. टायरच्या बाजूवर मापाशेजारी १०६/१०४ असे आकडे दिसतात. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो. दुसरा आकडा मागे जोडटायर असतील तेव्हाचा, १०४ म्हणजे ९०० किलो. कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कारचा टायर त्याच रिमवर चढतो, पण भरल्या गाडीत त्याची बाजू तापते आणि फुटते. ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालगाडीचा टायर) किंवा ‘८ पीआर’ (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा) अशी खूण बघूनच पैसे मोजा.

मग तारीख. बाजूवरचे चार आकडे, समजा २३२५, म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. नवाकोरा दिसणारा टायर गोदामात चार वर्षं पडून असू शकतो, म्हणून हे दुकानातच वाचा.

दोनच घेणार असाल तर नवी जोडी मागे लावा. चालक हट्टाने पुढे लावतात, पण ओल्या रस्त्यावर रिकाम्या पिकअपची मागची बाजूच आधी घसरते. खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, नक्षी झिजली की टायर संपला. स्टेपनीही तपासा, तिच्याकडे कोणी बघतच नाही.