जपानी मजुरांचा संप : नाशिकमध्ये बसून जुने अंक कसे वाचावेत

सुरुवात १९०९च्या, हवाईतल्या ओआहू बेटावरच्या ऊसमळ्यांच्या संपापासून करा. काळ मे ते ऑगस्ट एवढाच, संपावर सुमारे ७,००० जपानी मजूर, आणि पुढाऱ्यांत 'निप्पू जिजी' या जपानी वृत्तपत्राचे संपादक सोगा यासुतारो. जपानी मजुराला महिन्याला १८ डॉलर, तर त्याच कामाला पोर्तुगीज मजुराला २२.५०, भांडण या साडेचार डॉलरांचं. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी, 'दीनबंधू'कार लोखंडे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना असा संपादक परका वाटणार नाही.

अंक घरबसल्या मिळतात. स्टॅनफर्डच्या हूवर इन्स्टिट्यूशनचा 'होजी शिनबुन' संग्रह इंटरनेटवर फुकट आहे. होनोलुलूची इंग्रजी वृत्तपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'त. मोबाइलवर कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अक्षरं, नीट दिसत नाही, मोठा स्क्रीन हवा.

आधी शब्द शोधू नका, तारखेने अंक उघडा. कांजीशेजारी उच्चारासाठी छापलेली बारीक अक्षरं, म्हणजे फुरिगाना, संगणक मूळ मजकुरात मिसळून टाकतो आणि शब्द हुकतो. अंकावरचं साल जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं. सन मेइजी असेल तर १८६७ मिळवा (मेइजी ४२ म्हणजे १९०९), ताइशो असेल तर १९११. १९१२ हे साल दोन्हींत येतं. ३० जुलैला सन बदलला.

शब्द शोधायचाच तर जुन्या वळणाच्या कांजीत टाका. 'रोदो' म्हणजे श्रम. यातलं पहिलं अक्षर दुसऱ्या महायुद्धानंतर सोपं केलं गेलं, त्यामुळे आजचं रूप टाकलं की पाटी कोरी राहू शकते. संपासाठी 'दोमेइ हिग्यो', पगारवाढीसाठी 'झोक्यू' शोधा. आडवे मथळे उजवीकडून डावीकडे वाचायचे. भाषांतराचं ॲप ते उलटे वाचतं आणि भलतंच काही सांगतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जपानी पत्र ते मजुरांचं पत्र, असं धरून चालणं. 'हवाई शिनपो' जपानीच, पण संपाच्या विरोधात. 'पॅसिफिक कमर्शियल ॲडव्हर्टायझर' मळेवाल्यांच्या बाजूचं. आणि 'निप्पू जिजी' तर संपातला पक्षकारच, साक्षीदार नव्हे. म्हणून एकाच दिवसाचे तिन्ही अंक शेजारी ठेवा आणि कोण काय गाळतं ते टिपा.

नावांचीही गफलत होते. जपानीत आडनाव आधी येतं, इंग्रजी पत्रांत उलट. कटाच्या आरोपाखाली संपाचे पुढारी सोगा, माकिनो, नेगोरो आणि तासाका यांना १० महिने कैद आणि ३०० डॉलर दंड झाला. ४ जुलै १९१० रोजी माफी मिळाली. पण १९०९चे माकिनो औषधविक्रेते होते, 'हवाई होची' हे पत्र त्यांनी १९१२मध्ये काढलं. त्यांना आधीच पत्रकार करू नका.

पुढचा टप्पा कॅलिफोर्नियातलं फ्रेझ्नो. १९०८मध्ये तिथल्या द्राक्षमळ्यांवरच्या जपानी मजुरांची 'रोदो दोमेइकाइ' ही संघटना उभी राहिली. ताकेउची तेत्सुगोरो तिचं 'रोदो' हे पत्र काढत. बातम्यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोचं 'शिन सेकाइ' चाळा. मात्र दिंडोरी-पिंपळगावच्या सवयीने फेब्रुवारी-मार्चचे अंक काढू नका. फ्रेझ्नोची तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरची.