साठामोजणीच्या निरीक्षणाचा सराव: आभासी गोदाम कसे रचावे

मालसाठ्याच्या मोजणीला हजर राहणाऱ्या लेखापरीक्षकाचे मुख्य काम स्वतः माल मोजत बसण्याचे नसून, मोजणारे नीट मोजत आहेत की नाही हे पाहण्याचे असते. हा फरक वर्गात समजतो, पण अंगवळणी पडत नाही. आणि पूर्ण मोजणी बहुधा वर्षअखेरीसच होत असल्याने नवख्यांना सराव मिळत नाही. हेडसेट लावून फिरता येईल असे आभासी गोदाम ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढू शकते.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. साठ्याची रक्कम मोठी असेल तेव्हा व्यवस्थापनाच्या सूचनांचे मूल्यमापन, मोजणीचे निरीक्षण, मालाची तपासणी आणि चाचणी-मोजणी (निवडक माल स्वतः मोजून पाहणे) ही चार कामे आयएसए 501 या आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानकाला अपेक्षित आहेत. म्हणून प्रशिक्षणार्थीला आत सोडण्यापूर्वी लेखी सूचना, गोदामाचा नकाशा व पुस्तकी साठ्याची (हिशेबाच्या नोंदींप्रमाणे असलेल्या साठ्याची) यादी द्यावी, आणि सूचनांमध्ये एखादी उणीव मुद्दाम ठेवावी. उदाहरणार्थ, मोजणीच्या वेळी मालाची हलवाहलव थांबवण्याचा उल्लेखच नसावा.

खरा कस लागतो तो दोष पेरताना. खोक्यांच्या थप्पीच्या मध्यभागी पोकळी असावी, एका विभागात मोजलेला माल मागच्या दाराने दुसऱ्या विभागात जावा, विक्रीसाठी ठेवलेला परक्या मालकीचा माल यादीत शिरलेला असावा. 1963 मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेल्या सॅलड तेलाच्या घोटाळ्यात टाक्यांत पाणी भरून वर तेलाचा थर ठेवलेला होता. तशी टाकी अवश्य ठेवावी, मात्र तळाचा नमुना प्रशिक्षणार्थीने मागितला तरच मिळावा. पडद्यावर सूचना झळकली की शिकण्यासारखे काही उरतच नाही. सोबतीला मदतीस तत्पर असा गोदामप्रमुख द्यावा, जो प्रशिक्षणार्थीला सोयीच्या रांगांकडेच नेत राहील. या प्रमुखाला नम्रपणे बाजूला सारून स्वतःची निवड करणे हा माझ्या मते या सरावातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

चाचणी-मोजणी दोन्ही दिशांनी करून घ्यावी: यादीतील माल जागेवर आहे का, आणि जागेवरचा माल यादीत आला आहे का. शेवटच्या आवक व जावक पावत्यांचे क्रमांक, तसेच वापरलेल्या, कोऱ्या आणि रद्द टॅगांचा (मोजलेल्या मालावर लावायच्या चिठ्ठ्यांचा) हिशेब टिपलाच पाहिजे.

गुण सापडलेल्या दोषांच्या संख्येवर देऊ नयेत. कार्यपत्रात, म्हणजे प्रशिक्षणार्थीने लिहिलेल्या कामाच्या नोंदीत, काय पाहिले, काय विचारले आणि कोणत्या आधारावर निष्कर्ष काढला हे तपासावे, मग नोंदवलेली फेरी पुन्हा दाखवून नजर कुठे पोहोचली नाही यावर चर्चा करावी. खोक्याचे वजन हाताला जाणवणे हेडसेटमध्ये सहसा शक्य नसते, त्यामुळे अनुभवी सहकाऱ्यासोबतची प्रत्यक्ष मोजणी टाळता येणार नाही. शिवाय एक फेरी पूर्णपणे निर्दोष ठेवावी आणि ते आधी सांगू नये, म्हणजे संशयास्पद काही न आढळताही पुरेसा पुरावा कसा नोंदवायचा याचा सराव होईल.