एकाच कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क वारंवार जात असेल तर

पहिली हार्ड डिस्क गेली तर दोष डिस्कचा असू शकतो. वर्ष-दीड वर्षात त्याच कॅबिनेटमध्ये दुसरीही गेली, तर तिसरी आणण्याआधी डिस्क सोडून बाकी सगळं तपासायचं. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, मूळ बिघाड घरातच राहतो.

डिस्क अजून दिसत असेल तर आधी डेटा दुसरीकडे काढा. टक-टक आवाज येत असेल तर वीज बंद करा आणि चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासायची सोय) तर मुळीच चालवू नका. 'आर' लावून चालवलेली चेकडिस्क सगळी डिस्क वाचायला घेते, आणि मरायला टेकलेली डिस्क बहुतेकदा त्यातच संपते.

मग डिस्क खरंच गेली आहे का ते पाहा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. त्यात रॉ (कच्चे) आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत दिसतात. फंक्शन, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन ते दशमानात करून घ्या, नाहीतर उगाच घाबरगुंडी उडते. ०५, सी५ आणि सी६ या ओळींतले आकडे वाढत असतील तर पृष्ठभाग खराब होतोय, डिस्क बदलावीच लागेल. हे तिन्ही शून्य आणि फक्त सी७ (डेटा येता-जाता झालेल्या चुका) वाढतोय, तर डिस्क बहुधा ठणठणीत आहे. दोष साटा डेटा केबलचा (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) किंवा ती बसते त्या पोर्टचा. हा आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून तो लिहून ठेवा, क्लिपवाली नवी केबल लावा, पोर्ट बदला आणि आठवड्याने पुन्हा बघा. अशा कित्येक चांगल्या डिस्क केबलपायी भंगारात जातात. चारही आकडे स्वच्छ असून फाइल्स खराब होतात, विंडोज पुन:पुन्हा टाकावी लागते, असं असेल तर रॅमवर संशय घ्या आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा.

सी० या आकड्याकडे फारसं कुणी बघत नाही. वीज अचानक तुटून हेड (डिस्क वाचणारा काटा) घाईघाईने मागे घ्यावं लागलं, की बहुतेक डिस्कवर तो एकाने वाढतो. लाइट गेल्यावर वाढला तर नवल नाही. चांगला यूपीएस घ्या, आणि पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे ना ते बघा. पण लाइट गेलेली नसताना, मशीन चालू असताना तो वाढत असेल, तर डिस्कची वीज आतल्या आत तुटतेय. सैल पॉवर कनेक्टर, एका वायरीच्या दोन करणारा स्वस्तातला स्प्लिटर किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), तिघांपैकी एक. मोलेक्स-टू-साटा (जुन्या चार पिनी पॉवर प्लगवरून डिस्कला वीज देणारा) अ‍ॅडॉप्टर एकसंध ओतीव प्लास्टिकचा असेल तर काढूनच टाका. तो आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं बरीच आहेत.

एसएमपीएस मोजायला मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि मोकळ्या मोलेक्समध्ये काळा प्रोब काळ्या वायरला लावा. पिवळ्या वायरवर ११.४० ते १२.६०, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. मोजणी लोडवर करा. गेम चालू असताना किंवा मोठी फाइल कॉपी होताना. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते, कमजोर एसएमपीएस तिथेच बसतो. स्टिकरवरचे वॉट बघू नका, १२ व्होल्टखालचे अँपिअर बघा: १२ अँपिअर असतील तर तिथे मिळतात जेमतेम १४४ वॉट, वर ४५० छापलेलं असलं तरी. मल्टिमीटरला रिपल (व्होल्टेजमधला बारीक, वेगवान चढउतार) दिसत नाही, त्यामुळे खरी परीक्षा म्हणजे खात्रीचा एसएमपीएस लावून दोन-तीन आठवडे चालवणं. जुना उघडू नका. आतले कपॅसिटर बंद असतानाही झटका देतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे बॉडीवर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११०-११५ व्होल्ट येतो. स्पाइक गार्डचं बरंचसं काम अर्थिंगवर चालतं, तेव्हा अशा सॉकेटवर तो शोभेला. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या: फेज-अर्थ जवळजवळ फेज-न्यूट्रलइतकं, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत.

उष्णता: तासन् तास ४५ अंशांच्या वर नको, बहुतेक डिस्कची मर्यादा ६० आहे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या खोलीत, वर कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेलं कॅबिनेट, म्हणजे संपलंच. दार काढा, पुढे १२० मिलिमीटरचा पंखा लावा. डिस्कला हादरे बसू नयेत म्हणून चारही स्क्रू हवेत. वूफर त्याच टेबलावर नको.

खरेदीही तपासा. स्वस्तात 'नवी' मिळालेली डिस्क वापरलेली असू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या ०९ या ओळीत चालू तास दिसतात, पण तेही पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात तास पुसलेल्या जुन्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. मग डेटा टाकण्याआधी लाँग टेस्ट (सगळी डिस्क वाचून पाहणारी चाचणी) चालवा. एका टीबीला साधारण दोन तास लागतात. ती पास झाली की सगळ्या आकड्यांचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा.