बीटल्स ऐकता ऐकता त्यांचा काळ कसा शोधायचा

बीटल्स या इंग्लिश बँडवर लिहायचं म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलंच असतं, चार पोरांनी जग बदललं. मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. पण एकदा तारखा लिहून काढायला बसलो आणि लक्षात आलं की अहो जग आधीच बदलायला लागलं होतं, म्हणून तर ही पोरं स्टेजपर्यंत पोचली. ते कसं शोधायचं ते सांगतो.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे बँडच्या तारखा, उजवीकडे त्यांच्या देशात तेव्हा काय चाललं होतं ते. गाणी लगेच लावू नका प्लीज, आधी चौघांच्या जन्मतारखा लिहा. रिंगो जुलै १९४०, जॉन ऑक्टोबर १९४०, पॉल जून १९४२, जॉर्ज फेब्रुवारी १९४३, सगळे लिव्हरपूलचे, म्हणजे जर्मन बॉम्बनी होरपळलेल्या बंदराच्या शहरातले. आता उजवीकडे लिहा, ब्रिटनमधली सक्तीची लष्करभरती १९६० च्या अखेरीस थांबली आणि १ ऑक्टोबर १९३९ पासून पुढे जन्मलेल्या पोरांना बोलावणं आलंच नाही. आणि ऑगस्ट १९६० मध्ये हा बँड कुठे होता? जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबात, रात्र रात्र वाजवत. भरती चालू राहिली असती तर जॉन आणि रिंगो बराकीत असते.

मग घर आणि शाळा बघा. जॉर्जचे वडील बस चालवायचे, तो जन्मला त्या घराचा संडास बाहेर अंगणात होता. पॉलची आई नर्स, घर कौन्सिलचं भाड्याचं. १९४४ च्या शिक्षण कायद्याने चांगल्या सरकारी माध्यमिक शाळांची फी गेली, आणि हे दोघं परीक्षा पास होऊन त्याच एका शाळेत पोचले, शाळेच्या बसमध्ये ओळख झाली.

आता बीटल्सच्या कार्यक्रमांतल्या पोरींच्या किंकाळ्या. यावर लोक हसतात आणि पुढे जातात, मला ते अजिबात पटत नाही, इथे जरा थांबा. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात दुपारचे कार्यक्रम व्हायचे, जेवणाच्या सुट्टीत जवळच्या ऑफिसांतल्या टायपिस्ट आणि दुकानांतल्या मुली यायच्या, स्वतःच्या पगारातून तिकीट काढून. त्यांच्या आयांच्या तरुणपणी रेशनची कार्डं होती, रेशनिंग पूर्ण संपलं ते १९५४ मध्ये. स्वतःचा पैसा, स्वतःची आवड आणि चारचौघांत मोकळेपणाने ओरडणं, हे सगळं त्या आवाजात आहे. म्हणून लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकताना गर्दीचा आवाज कमी करून मिळाला तरी करू नका, तोच ऐका.

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा, आधी काय झालं? उदाहरणार्थ ११ सप्टेंबर १९६४, अमेरिकेत जॅक्सनव्हिल. काळे-गोरे वेगळे बसवणार असाल तर वाजवणार नाही असं बँडने सांगितलं आणि प्रेक्षक एकत्र बसले. लगेच टाळ्या वाजवू नका, उजवीकडे बघा, नागरी हक्क कायद्यावर सही २ जुलैलाच झाली होती, आणि त्याच्यामागे कित्येक वर्षं मार खाल्लेली, तुरुंगात गेलेली काळी माणसं होती. म्हणून बँडची भूमिका छोटी होते का? मला नाही वाटत, कायदा कागदावर होता आणि दक्षिणेतल्या मैदानात तो पाळायला लावायला कुणीतरी अडून बसावं लागतं. पण श्रेय कुणाला किती ते वहीमुळे नीट कळतं.

सगळ्यात जड जाणारी ओळ ब्रायन एप्स्टाइनची. बँडचा मॅनेजर, रेकॉर्डच्या दुकानातला ज्यू तरुण, लेदर जॅकेट काढून पोरांना सूट घालायला लावणारा. तो समलिंगी होता आणि तेव्हा तो गुन्हा होता, म्हणजे ज्या बँडमुळे ब्रिटन मोकळं झालं म्हणतात तो उभा करणारा माणूस स्वतः लपून जगत होता. इंग्लंड आणि वेल्समधला कायदा बदलला २७ जुलै १९६७ ला. ब्रायन गेला २७ ऑगस्ट १९६७ ला, वय ३२. मी ही ओळ लिहिली त्या दिवशी पुढे काही लिहिलं नाही.

गाणी लावा ती यानंतर, आणि वर्षांच्या क्रमानेच. १९६३ ची गाणी तू आणि मी यापलीकडे फारशी जात नाहीत, १९६६ च्या रिव्हॉल्व्हर या अल्बमवर एकटी म्हातारी बाई येते, आयकर येतो, आणि एका गाण्यावर तबला येतो. वाजवणाऱ्याचं नाव कव्हरवर छापलंय, अनिल भागवत, वाचून आपले कान टवकारतातच! लंडनमध्ये तबलजी सहज मिळाला कारण युद्धानंतर आपली माणसं तिथे राहायला गेली होती, तेव्हा १९४८ चा नागरिकत्व कायदाही उजवीकडे टाका, आणि येणाऱ्यांवर बंधनं घालणारा १९६२ चा पण.

एक रकाना मुंबईसाठी ठेवा. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज फोर्टातल्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करत होता. घरात कुणी त्या वर्षी कॉलेजात असतील तर त्यांना विचारा, तेव्हा परदेशी गाणी कुठे ऐकायचात, रेडिओ कुणाचा होता, घरचे काय म्हणायचे. ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दात लिहून घ्या.