मॅक अ‍ॅड्रेस शोधताना या चुका टाळा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस असो वा जुळे सोलापुरातलं हॉस्टेल, राउटरमध्ये मॅक फिल्टर (यादीतल्याच उपकरणांना नेट देणारी सोय) लावलेला असेल तर यादीत तुमचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख-पत्ता, चढल्याशिवाय नेट मिळत नाही. पत्ता शोधणं दोन मिनिटांचं काम; घोळ होतो तो भलताच पत्ता उचलल्यामुळे.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजीत ‘आयपीकॉन्फिग’, मग एक स्पेस आणि ‘स्लॅश ऑल’ टाइप करा. हवी ती ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ची ओळ. पण ती एकदाच येत नाही: लॅनची (वायरच्या जोडणीची) वेगळी, वाय-फायची वेगळी, ब्लूटूथची वेगळी, वर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर त्याचीही. पहिली दिसली ती उचलू नका. वरची ‘डिस्क्रिप्शन’ची ओळ वाचा, तिथे ‘व्हर्च्युअल’ किंवा ‘वाय-फाय डायरेक्ट’ असेल तर सोडून द्या. वायफाय वापरणार असाल तर वायफायचाच पत्ता द्या, लॅनचा चालत नाही. यूएसबी-लॅन अ‍ॅडॉप्टर लावला असेल तर पत्ता त्या अ‍ॅडॉप्टरचा असतो. तो दुसऱ्या लॅपटॉपला लावला की पत्ताही तिकडे गेला.

त्याच यादीत ‘डीयूआयडी’ नावाची लांबलचक ओळ असते. बरेच जण तीच कॉपी करतात. मॅक पत्त्यात बाराच अक्षरं, दोन-दोनच्या सहा जोड्या. जास्त दिसली की समजा, ओळ चुकली.

सगळं बरोबर भरूनही काल चाललेलं नेट आज बंद? मग पत्ता बहुधा रँडम आहे, म्हणजे कार्डाचा मूळ नव्हे तर सिस्टिमने बनवलेला, बदलणारा. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघा: २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा कार्डाचा मूळ पत्ता नव्हे. ‘५ई’ने सुरू होणारा पत्ता याच जातीचा. वायफाय सेटिंगमध्ये ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ बंद करा, त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्येही तपासा, पुन्हा जोडा आणि मगच पत्ता टिपा. अँड्रॉइड १० पासून मोबाइलमध्ये हे बहुतेक आपोआप चालू असतं.

पत्ता फोनवर सांगू नका, कॉपी करून पाठवा. यात ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच येतं, त्यामुळे गोल दिसलं की ते शून्यच, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. ८ आणि ‘बी’ची गल्लतही नेहमीची. विंडोज जोड्यांच्या मधे आडवी रेघ दाखवतं, काही राउटर विसर्गासारखे दोन ठिपके मागतात. तेवढं बदलून भरा.

‘तुमचा मॅक दाखवतो’ म्हणणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. हा पत्ता घरच्या राउटरपलीकडे जातच नाही, तर त्यांना दिसणार कुठून?